दोनदा पडलेला अनुस्वार

शहापूरच्या एसटी स्टँडसमोर खतं-बियाण्यांचं दुकान होतं, त्याच्या माडीवर आमचं ऑफिस. दोन खोल्या, जुने कंप्युटर, कर्कश आवाजाचा एक डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आणि जिन्यातून दिवसभर वर येणारा खतांचा वास. बीएस्सी होऊन कंप्युटरचा डिप्लोमा केल्यावर मी तिथे लागले. माझ्या बरोबरीच्या मुली नोकरीसाठी कल्याण-ठाण्याला जात होत्या. मला गावातच काम मिळालं म्हणून वडील खूश होते. ते रेल्वेत, कसाऱ्याला लाईनवर होते. पहाटे निघायचे आणि संध्याकाळी दमून यायचे. घरातल्या एकाला तरी घाटाकडे जावं लागत नाही, एवढ्यावरच त्यांचं समाधान होतं.

ऑफिस सरांचं. सर मूळचे मुरबाडचे. मुंबईत मोठ्या कंपनीत प्रोग्रामर होते, तिथलं सोडून आले आणि शाळांना, सोसायट्यांना लागणारे दाखले छापणारं सॉफ्टवेअर करून विकू लागले. त्या सॉफ्टवेअरच्या पोटात सरांनी स्वतःची एक लहानशी भाषा बसवली होती, साचे लिहिण्याची. साचा म्हणजे दाखल्याचा कायमचा मजकूर. नाव, जन्मतारीख, धर्म, जात यांच्या जागा त्यात मोकळ्या ठेवायच्या आणि मध्ये मध्ये सूचना लिहायच्या. ‘जर’ अमुक असेल तर हे छाप, ‘नाहीतर’ ते छाप, आणि सूचना पुरी झाली की ‘संपलं’. साचा वाचून कुठली सूचना कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे ठरवणाऱ्या भागाला पार्सर म्हणतात. तो सरांनी एकट्याने लिहिला होता.

त्या भाषेतला प्रत्येक शब्द मराठी होता. इंग्रजीचा धसका घेतलेला शाळेतला कारकूनसुद्धा आपला साचा आपण लिहू शकेल, असं सर नव्या गिऱ्हाइकाला अभिमानाने सांगायचे. ते खरंही होतं. शहापुरातल्या ज्या शाळेत माझी धाकटी बहीण शिकत होती, तिथला कारकून त्याचं उत्तम उदाहरण. तो सिद्धगडाच्या पायथ्याच्या एका पाड्यावरचा. आश्रमशाळेत शिकला, टायपिंगची परीक्षा दिली आणि मानधनावर चिकटला. ऑफिसात टेबलाशी बसून काम करणारा त्याच्या पाड्यातला तो पहिलाच. फोनवर माझ्याशी सावकाश, पुस्तकी मराठीत बोलायचा. काही मनासारखं जमलं की मात्र त्याच्या घरची बोली बाहेर पडायची. पाड्यावरच्या लग्नांसाठी त्याने पत्रिकेचा साचा केला होता. मुलगी आपली असेल तर एक मजकूर, मुलगा असेल तर दुसरा. तो दाखवायला मुद्दाम आमच्या ऑफिसात आला होता. सरांनी त्याला चहा पाजला आणि पत्रिकेची एक प्रत भिंतीला लावली.

बहीण बारावी झाली ते वर्ष. तिला नर्सिंगला जायचं होतं. लहानपणी आई आजारी असताना ती आईजवळ हॉस्पिटलात राहिली होती, तेव्हापासून तिच्या डोक्यात तेच. मार्क चांगले होते. आम्ही बौद्ध, आजोबांच्या पिढीपासून. तिचा जातीचा दाखला आधीच काढून ठेवला होता. शाळा सोडल्याचा दाखला हातात आला तसा तिने कागदांना लावला आणि वडिलांबरोबर प्रवेशाला गेली.

संध्याकाळी दोघं परत आली. वडिलांनी पायही धुतले नाहीत, तसेच ओट्यावर बसले. बहिणीने शाळेचा दाखला माझ्यापुढे धरला. धर्म व जात या रकान्यात छापलं होतं, हिंदू कुणबी. खाली मुख्याध्यापकांची सही आणि शाळेचा शिक्का.

प्रवेशाच्या टेबलावरच्या बाईंनी दोन्ही दाखले शेजारी शेजारी ठेवून यातला खोटा कुठला असं विचारलं होतं. रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. बहिणीने शाळेची चूक झाली असेल असं सांगितलं, तर बाई म्हणाल्या, राखीव जागेसाठी अशा चुका रोज होतात. दुरुस्त करून आणा, मग बघू.

असे दाखले तिला एकटीलाच मिळाले नव्हते. आमच्या वस्तीतल्या आणि आसपासच्या गावांतल्या आणखीही बौद्ध मुलांच्या दाखल्यांवर हिंदू छापलेलं निघालं. कुणाची जात कुणबी, कुणाची आगरी. गठ्ठ्याने छापलेले, गठ्ठ्याने सही झालेले दाखले कुणी नीट वाचलेच नव्हते. दोन-चार दिवसांत बोलणं एकाच दिशेला गेलं. हे मुद्दाम केलंय, आपल्या पोरांच्या सवलती घालवायला केलंय. बापजाद्यांनी जे सोडलं ते पुन्हा आमच्या कपाळावर छापलं, असं वस्तीतला एक म्हातारा म्हणाला, आणि ते ऐकून माझ्याही अंगाची आग झाली. चूक कंप्युटरची असेल असं कुणालाच वाटलं नाही. त्या काळात कंप्युटर चुकत नाही हे माणसं देवाच्या गोष्टीसारखं बोलायची. मग चुकला कोण? कंप्युटरवर बसणारा.

आमची माणसं शाळेत गेली तेव्हा मी सोबत होते. कारकून व्हरांड्यात आला. काय झालं ते त्याला समजायच्या आत आमच्याच वस्तीतल्या एकाने त्याच्या कानाखाली मारली. त्याचा चष्मा पायरीवर पडला. तो वाकून चष्मा शोधू लागला आणि म्हणत राहिला, “मी नाय केला. मी नाय केला.” शाळेतली मुलं खिडक्यांतून बघत होती. मुख्याध्यापकांनी त्याला आत ओढलं आणि संस्थेकडून चौकशी होईल असं जाहीर केलं.

आणि चौकशी सुरू झाल्यावर दुरुस्ती थांबली. मी स्वतः बहिणीचा अर्ज घेऊन गेले होते. चौकशी चालू असताना नोंदींना हात लावता येत नाही, असं मला सांगण्यात आलं. शाळेच्या रजिस्टरात तिच्या नावापुढे बौद्ध असंच लिहिलेलं होतं, ते मुख्याध्यापकांनी मला उघडून दाखवलंसुद्धा. पण नवा दाखला द्यायची त्यांची हिंमत नव्हती. आम्ही न्याय मागायला गेलो होतो आणि त्याच कारणाने बहिणीचा कागद अडकून पडला. प्रवेशाची मुदत निघून गेली.

चौकशी समितीपुढे सर मशीन घेऊन बसले. समितीने माझ्या बहिणीचंच नाव दिलं. सरांनी तिचा दाखला छापला. रकान्यात स्वच्छ आलं, बौद्ध. आणखी दोघांचे छापले, तेही बरोबर. समितीतल्या लोकांनी एकमेकांकडे बघितलं. सॉफ्टवेअर निर्दोष आहे, म्हणजे त्या दिवशी कुणीतरी हाताने माहिती बदलून छापली. कारकून भिंतीशी उभा होता. त्याला काही सांगायचंय का विचारलं. तो म्हणाला, त्या दिवशी पण त्याने हेच बटण दाबलं होतं.

ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. शाळेच्या मशीनची देखभाल माझ्याकडे होती, त्यामुळे तो साचा आणि मुलांची माहिती आमच्या ऑफिसात होती. सर मुरबाडला गेले होते त्या दुपारी मी एकेक दाखला न छापता सगळ्या वर्गाचे दाखले एकदम, हजेरीच्या क्रमाने छापायला लावले. प्रिंटर ओरडत राहिला आणि कागद जमिनीवर साचत गेला. बहिणीचा दाखला आला. हिंदू कुणबी. तिच्या आधीच्या मुलीचा दाखला बघितला. ती कुणबीच होती.

मी खाली बसून बाकीचे दाखले तपासले. आनंद झाला नाही.

कारण सापडायला पुढचे काही दिवस गेले. बौद्ध मुलांसाठीच्या सूचनेच्या आत कारकुनाने आणखी एक ‘जर’ लिहिला होता, कारण कुणाच्या रजिस्टरात बौद्ध आहे तर कुणाच्या नवबौद्ध, आणि जसं असेल तसंच छापायला हवं. लिहिताना त्याने काळजी घेतली होती. पण पार्सरला या आतल्या ‘जर’चा शेवट सापडत नव्हता. शेवट सापडला नाही की तो ती सूचनाच सोडून द्यायचा आणि त्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. रकान्यात आधी जे असेल ते तसंच छापलं जायचं. एकटा दाखला छापताना नाव निवडलं की रकाना त्याच मुलाच्या माहितीने भरलेला असायचा, म्हणून बरोबर यायचा. गठ्ठ्यात मात्र रकाना फक्त सूचनेवरून भरला जायचा, आणि ती सुटली की आधीच्या मुलाचं तसंच राहायचं.

पण पडद्यावर तर ‘संपलं’ हा शब्द दिसत होता. मी साचा पुन्हा पुन्हा वाचला, शब्द जिथे हवा तिथे होता. शेवटी फाईलमधली अक्षरं त्यांच्या आकड्यांच्या रूपात बाहेर काढली तेव्हा दिसलं. ‘ल’वरचा अनुस्वार दोनदा होता. तेव्हाच्या मराठी फाँटमध्ये अनुस्वार हे वेगळं चिन्ह असायचं. ते दोनदा दाबलं तर एका ठिपक्यावर दुसरा ठिपका बरोब्बर बसायचा, आणि माणसाला एकच दिसायचा. पार्सरला दोन दिसायचे, म्हणून त्याच्या लेखी तो शब्द ‘संपलं’ नव्हताच.

सर आल्यावर मी त्यांना सगळं दाखवलं. त्यांनी ते आकडे बराच वेळ बघितले. मग म्हणाले की भाषा आपली असली तरी साचा त्याने लिहिला आहे, बोट त्याचं पडलंय. मी त्यांना पहिल्यांदाच उलट बोलले.

“बोट कुणाचंही पडेल, सर. पार्सर गप्प का बसला?”

चूक पार्सरची आहे असं समितीला कंपनीच्या कागदावर लिहून देण्याची माझी मागणी त्यांनी मान्य केली नाही. पुढच्या महिन्यात तीन तालुक्यांतल्या शाळा सॉफ्टवेअर घेणार होत्या. तुला जाऊन तोंडी सांगायचं असेल तर अडवत नाही, एवढंच म्हणाले.

मी गेले. समितीपुढे गठ्ठा छापून दाखवला, नंतर तो एक ठिपका पुसून पुन्हा गठ्ठा छापला. सगळे दाखले बरोबर आले. कुणीही मुद्दाम काही केलेलं नाही, या माणसाने जातीचा राग धरून काही केलेलं नाही, हे मी जमेल तितक्या सोप्या शब्दांत सांगितलं. आमच्या वस्तीतली दोन माणसं तिथे होती, त्यांनाही ते पटलेलं दिसलं. कारकुनाच्या कानाखाली मारणाऱ्याने मान खाली घातली. मला वाटलं, सुटला.

मग अध्यक्षांनी विचारलं, “म्हणजे ते चिन्ह त्याने दोनदा दाबलं. एकदाच दाबायला हवं होतं. बरोबर?”

मी हो म्हणाले, आणि पुढे बोलायला लागले, तर त्यांनी हात वर केला. तेवढंच विचारायचं होतं त्यांना.

माझ्या बोलण्याआधी त्यांच्याकडे त्याच्याविरुद्ध काहीच नव्हतं. नुसता संशय होता, आणि संशयावर काढलं तर उद्या तो कोर्टात जाईल ही भीती होती. आता त्यांना निष्काळजीपणा मिळाला, तोही कंप्युटरवाल्या बाईंनी सिद्ध करून दिलेला. मानधनावरच्या माणसाला काढायला तेवढं पुष्कळ होतं. आठवडाभरात त्याला काढून टाकलं. सॉफ्टवेअर राहिलं.

मी त्याला भेटायला गेले. का गेले ते मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं. किन्हवलीवरून मुरबाड, तिथून नारिवलीकडची एसटी, आणि पुढे पायवाट. समोर सिद्धगडाचा कडा होता. तो अंगणात हिरड्यांचा ढीग निवडत बसला होता. मला बघून उठला, आतून खाट आणून टाकली. त्याच्या बायकोने पाणी दिलं आणि ती दारातच उभी राहिली. मी त्याला सगळं समजावून सांगितलं. गठ्ठा, रकाना, ठिपक्यावर ठिपका. तो लक्ष देऊन ऐकत होता. मध्येच हातातल्या काडीने मातीत ‘ल’ काढला आणि त्याच्यावर टोचलं, पुन्हा त्याच ठिकाणी टोचलं.

“असा?”

मी मान हलवली.

“म्हंजे माझ्याच बोटाना झाला.”

मी म्हणाले की चूक बोटाची नाही, मशीनने सांगायला हवं होतं, ते सांगत नव्हतं, ही आमची चूक आहे. त्याने ते ऐकून घेतलं. मग जमिनीकडे बघत म्हणाला, “ताई, इतके दिस मी ह्यांना सगल्यांना सांगत होतो, मी काय नाय केला. बायकोला सांगला, पाड्यावर सांगला. आता काय सांगू?”

त्याची बायको आत निघून गेली. तो मला पायवाटेच्या वळणापर्यंत सोडायला आला आणि बहिणीच्या प्रवेशाचं विचारलं. गेला असं सांगितल्यावर तिथेच थांबला. पुढे आला नाही.

परत कामावर गेले तेव्हा सरांनी पार्सरची सगळी छापील पानं माझ्या टेबलावर ठेवली. नवीन लिही, म्हणाले. तूच लिही.

पुढचं वर्ष-दीड वर्ष मी ते काम केलं. जुना पार्सर शब्द शोधत पुढे पळायचा. नवा प्रत्येक उघडलेला ‘जर’ ओळीच्या आकड्यासकट लक्षात ठेवायचा, आणि त्याचा ‘संपलं’ मिळाल्याशिवाय पुढे जायचा नाही. वाचण्याआधी तो दुहेरी पडलेली चिन्हं एक करून घ्यायचा. पूर्वी प्रत्येक मुलासाठी साचा पहिल्यापासून वाचला जायचा आणि रकाने तेच वापरले जायचे. आता साच्यावरून एकदाच प्रोग्राम तयार व्हायचा, आणि त्या प्रोग्रामची पहिली ओळ मी अशी निघेल असं बघितलं की प्रत्येक मुलाआधी सगळे रकाने कोरे होतील. त्यामुळे छपाईही कितीतरी वेगाने होऊ लागली. सर गिऱ्हाइकांना त्या वेगाबद्दलच सांगायचे.

साचा लिहायच्या, पडद्यावरच्या खिडकीवर मी सर्वांत जास्त वेळ घालवला. ‘जर’ आणि त्याचा ‘संपलं’ एका रंगात दिसायचे, आतली जोडी दुसऱ्या रंगात. जोडी जुळली नाही तर ती ओळ लाल व्हायची आणि खाली वाक्य यायचं. त्या वाक्यावरून सरांचं आणि माझं वाजलं. त्यांना हवं होतं, ‘साच्यात चूक आहे.’ मी लिहिलं होतं, ‘या ओळीतल्या ‘जर’चा शेवट मला सापडला नाही.’ सर म्हणाले, मशीन ‘मला’ असं कशाला म्हणेल. मी म्हणाले, न सापडणं हे मशीनचं आहे, लिहिणाऱ्याचं नाही. वाक्य तसंच राहिलं.

नवी आवृत्ती त्या शाळेतही बसवली. बसवायला मीच गेले. नवा कारकून चुणचुणीत होता, मुंबईत काम केलेला. त्याने एक साचा टाईप केला, ओळ लाल झाली, छपाई अडली. त्याने कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाला, “मॅडम, हे फार अडवतं हो. जुन्याला एवढे नखरे नव्हते.” त्याला काही माहीत नव्हतं. त्या टेबलावर आधी कोण बसत होतं हेही माहीत नसावं. मी त्याला ओळ कशी दुरुस्त करायची ते दाखवलं आणि निघाले.

बहिणीला दुरुस्त दाखला मिळाला तेव्हा पुढच्या वर्षीचे प्रवेश तोंडावर होते. पण मधल्या वर्षात वडिलांच्या पायावर रूळ पडला होता. ते घरी बसले आणि ती मुरबाडच्या एमआयडीसीत एका कंपनीत पॅकिंगला जाऊ लागली. मी फॉर्म आणून दिला. तिने तो बघितला आणि परत माझ्याकडे दिला.

“आता त्या टेबलापुढे उभी नाही राहणार मी, ताई.”

मी हट्ट केला, रागावले, वडिलांना मध्ये घातलं. तिने ऐकलं नाही. पुढे तिचं लग्न झालं, मुलं झाली. शेजारपाजारी कुणाला सलाईन लावायला नर्स आली की ती जाऊन बघत उभी राहते, असं तिची सासू मला कौतुकाने सांगते.

काही वर्षांनी सगळ्या शाळांना वरून एकच सॉफ्टवेअर आलं. आमची भाषा कुणाला लागेना. सरांनी ऑफिस बंद केलं, मशीन भंगारात दिली आणि मुलाकडे राहायला गेले. मी शाळांमध्ये कंप्युटर शिकवायला लागले. सिद्धगडाखालच्या त्या पाड्यावर पुन्हा जाणं झालं नाही. एकदा मुरबाडच्या बाजारात त्याची बायको दिसली. पानं अंथरलेल्या टोपलीत करवंदं घेऊन बसली होती. तिने मला ओळखलं. मी त्याची चौकशी केली, तर म्हणाली, रानात जातो, शेती करतो, बरा आहे. शाळेच्या गावाला जात नाही. मी करवंदं घेतली. पैसे देताना तिने माझ्याकडे बघितलं नाही, शेजारच्या गिऱ्हाइकाला भाव सांगत राहिली.